जर्मनीत शिकायला निघालात? आधी पत्ता, मग बाकी सगळं (खान्देशातल्या पोरापोरींसाठी)

दर उन्हाळ्यात ऑफर लेटरं यायला लागली की मला मेसेज सुरू होतात. ताई, कुकर नेऊ का, जॅकेट इथूनच घेऊ का, तूप चालतं का, मसाला किती किलो न्यायचा. रूमबद्दल मात्र कोणी विचारत नाही, विचारलं तर "ते तिकडे गेल्यावर बघू" म्हणतात. आणि खरी अडचण तर तिथेच येते, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते म्हणजे पुढच्यांना पण पाठवता येईल.

मी यावल तालुक्यातली, सध्या माग्डेबुर्गला आहे. पूर्व जर्मनीतलं एल्बे नदीवरचं शहर, ओटो फॉन गेरिके विद्यापीठ इथलंच, बर्लिनहून रीजनल ट्रेनने पावणेदोन तासाच्या आसपास. तुमचं शहर आखेन असेल, केमनिट्झ असेल, भाडं कमीजास्त होईल, पण कामांचा क्रम सगळीकडे हाच आहे.

सगळं पत्त्यावर अडतं

हे आधी डोक्यात बसवा. जर्मनीत राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगर कार्यालयात, ब्युर्गरब्युरो म्हणतात त्याला, जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. ते झालं की टॅक्स आयडी पोस्टाने घरी येतो, ११ आकडी असतो, तो असला की जॉबचा पगार बरोबर टॅक्स कापून येतो. बऱ्याच बँका अकाउंटला आनमेल्डुंगचा कागद मागतात, बँकेचं अकाउंट असलं की ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) पैसे दर महिन्याला तिथे पडतात, आणि रेसिडन्स परमिटच्या अर्जालाही तोच पत्ता लागतो. म्हणजे पत्ता नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर स्वतःचेच पैसे समोर दिसतात पण हातात येत नाहीत.

आता यातली मेख अशी की नोंदणीला नुसता रेंट अॅग्रीमेंट चालत नाही. घरमालकाने सही केलेला एक वेगळा फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असं लांबलचक नाव आहे, त्यात लिहिलेलं असतं की हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो. मित्राच्या रूमवर गादी टाकून राहाल तर हा फॉर्म कोण देणार? म्हणून रूम बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, इथे आनमेल्डुंग करता येईल का. नाही म्हणाले तर रूम कितीही स्वस्त असली तरी ती फक्त सामान ठेवायला समजा आणि दुसरी शोधत राहा.

नोंदणीच्या फॉर्ममधे धर्म विचारतात. ते चर्चच्या टॅक्ससाठी असतं, कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट वगैरे लिहिलं तर पुढे पगारातून चर्च टॅक्स कापला जातो. तुम्ही त्या चर्चचे नसाल तर तो लागू नाही, ती जागा रिकामी सोडली तरी चालते.

रूम, अॅडमिशन आल्या दिवसापासून

सगळ्यात स्वस्त आणि सेफ म्हणजे श्टुडिरेंडनवेर्कची होस्टेलं. हे विद्यापीठापेक्षा वेगळं असतं, विद्यार्थ्यांची राहण्या-खाण्याची सोय बघणारी संस्था, प्रत्येक शहरात असते, कॅन्टीन पण तेच चालवतात. ऑफर लेटर आलं त्याच दिवशी अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका, कारण वेटिंग लिस्ट लांब असते. सोबत डब्ल्यूजी-गेझुष्ट या वेबसाइटवर शेअरिंग फ्लॅट शोधत राहायचं, तिथे मेसेज टाकताना सगळ्यांना तोच कॉपी पेस्ट पाठवू नका, जाहिरात वाचून दोन ओळी स्वतःच्या लिहा, त्यांना घरात राहणारा माणूस हवा असतो.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट आत आहे का ते वेगळं विचारा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

आणि फसवणूक. कोणी सांगितलं की मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा मग चावी कुरिअर करतो, तर तिथेच थांबायचं. फोटो मस्त असतात, भाडं कमी असतं, पासपोर्टची कॉपी पण पाठवतात समोरून. घर बघितल्याशिवाय, स्वतः नाही तर तिथल्या ओळखीच्या कोणीतरी, एक युरो पाठवायचा नाही. घरच्यांनी शेती गहाण टाकून, सोनं मोडून जमवलेले पैसे असतात ते, लाज न बाळगता दहा प्रश्न विचारा. त्या शहरातला इंडियन स्टुडंट्सचा व्हॉट्सअॅप ग्रुप आधीच जॉइन करा, तिथे कोणीतरी जाऊन बघून येतं.

रूम ताब्यात घेताना भिंती, सिंक, खिडक्या, जमीन सगळ्याचे फोटो काढा आणि ताबा घेतल्याचा कागद बनतो त्यात प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, सोडताना डिपॉझिट याच कागदावर परत मिळतं.

एक छोटी पण फार महत्त्वाची गोष्ट, टपालपेटीवर नाव. इथे पोस्टमन रूम नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पहिल्या महिन्यात पोस्टानेच येतं. म्हणून चावी मिळाली की बॅग उघडायच्या आधी पांढऱ्या कागदाची पट्टी कापा, पासपोर्टवर जसं आहे तसंच आडनाव मोठ्या अक्षरात लिहा, वरून चिकटपट्टी लावा म्हणजे पावसात शाई पसरणार नाही, आणि पेटीवर आणि बेलवर दोन्हीकडे चिकटवा. तिथे आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर घरमालकाला विचारून काढा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून असतं, ते इथल्या फॉर्मवर तसंच्या तसं लिहायचं, एका ठिकाणी लावलं आणि एका ठिकाणी सोडलं असं करू नका, नंतर कागद जुळत नाहीत.

निघायच्या आधी भारतातच उरकायची कामं

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्री-मार्कशीट तपासून मिळणारा दाखला, ते २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं झालंय, त्यामुळे ते तुम्हाला माहिती असेलच. डिग्री ज्या विद्यापीठाची तिथून, जळगावचं असो, लोणेरेचं असो, ट्रान्सक्रिप्टच्या दोनतीन जास्तीच्या कॉपी घेऊन ठेवा. इथून परत फोन करून घरच्यांना विद्यापीठात चकरा मारायला लावणं म्हणजे त्यांचे हाल.

ब्लॉक्ड अकाउंटमधे सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. हे पैसे उतरल्या उतरल्या मिळत नाहीत, जर्मन बँक अकाउंट झाल्यावरच सुरू होतात आणि त्यात तीनचार आठवडे सहज जाऊ शकतात. पहिलं भाडं, डिपॉझिट, सेमिस्टर फी हे सगळं त्याच काळात येतं. म्हणून १,५०० ते २,००० युरो वेगळे ठेवा, थोडे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. लोन घेताना बँकेला हे धरूनच रक्कम सांगा.

हेल्थ इन्शुरन्स दोन लागतात. एक प्रवासापुरता, व्हिसासाठी. दुसरा इथला सरकारी पद्धतीचा, टीके, एओके, बार्मर वगैरे, ३० वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना महिन्याला साधारण दीडशे युरो. तो तुम्ही ऑनलाइन घरूनच सुरू करू शकता, इन्शुरन्सवाले विद्यापीठाला परस्पर कळवतात आणि त्याशिवाय एनरोलमेंट होत नाही.

बॅगेत काय

तूप नेऊ नका. पेढे, बर्फी, खवा, पनीर काहीच नको. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर सापडलं तर फेकतात आणि दंड होऊ शकतो. आईने प्रेमाने साजूक तुपातले लाडू केले असतील तर ते मुंबईपर्यंतच्या गाडीत संपवा. ताजी फळं, भाज्या, ताजा कढीपत्ता पण सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. गंमत म्हणजे ज्या पाच फळांना ही अट नाही त्यात केळी आहे, बाकी अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. पण केळी काही न्यायची गरज नाही, इथे प्रत्येक दुकानात असतात, लॅटिन अमेरिकेतून येतात, आमच्या रावेर-यावलच्या केळीची चव नाही त्यांना.

न्यायचं काय तर काळा मसाला, तो घरचा असला तरी नीट पॅक करून, वर काय आहे त्याचं लेबल लावून. बिबडे, नागलीचे पापड, कुरडया जागा उरली तर. कळण्याचं पीठ एकदोन किलो, कारण गहू, बाजरी, बेसन सगळं इथे एशियन दुकानात मिळतं पण ज्वारी-उडदाचं कळणं कोणी विकत नाही. कुकर छोटा आणि सपाट बुडाचा, इथे गॅस क्वचितच असतो, इलेक्ट्रिक शेगडीच असते. नेहमीची औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

जॅकेट तिकडून घेऊ नका. जळगावच्या बाजारात मिळतं ते आपल्या थंडीचं असतं. आतून घालायचे थर्मल आणा, वरचं जॅकेट इथे येऊन घ्या, सेकंडहँड पण चांगली मिळतात.

पहिले दोन आठवडे

उतरल्यावर सिम घ्या, आल्डीचं प्रीपेड सिम सुरुवातीला पुरेसं आहे. ब्युर्गरब्युरोची अपॉइंटमेंट तर निघायच्या आधीच ऑनलाइन बघून ठेवा, मोठ्या शहरात लवकर मिळत नाही. उशिराची मिळाली तर घ्या आणि बुकिंगचा इमेल जपून ठेवा, आणि रोज सकाळी साइट उघडून बघा, रद्द झालेले स्लॉट तेव्हा दिसतात.

मग विद्यापीठात एनरोलमेंट, सेमिस्टर फी. ही फी दर सेमिस्टरला मुदतीत भरून नाव चालू ठेवावं लागतं, कोणी वर्गात येऊन आठवण करून देत नाही. त्याच आठवड्यात आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस, तिथे रेसिडन्स परमिटची अपॉइंटमेंट मागा. व्हिसा ठराविक महिन्यांचाच असतो, आणि तो संपायच्या आत तुमचा अर्ज त्यांच्याकडे पोचलेला असला पाहिजे. अर्ज वेळेत असेल आणि कार्ड यायला उशीर होत असेल तर मधल्या काळाचा एक कागद देतात, तो मागून घ्या.

प्रवासाचं तिकीट, आधी विद्यापीठात विचारा सेमिस्टर तिकीट फीमधे आहे का. नसेल तर डॉइचलांडटिकेट, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, देशभर लोकल आणि रीजनल गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, फक्त आयसीई-आयसी सारख्या फास्ट गाड्यांत नाही. ट्रामला गेट नसतं, कोणी तिकीट बघत नाही असं वाटतं, पण साध्या कपड्यातले चेकर मधेच उठून उभे राहतात आणि दंड ६० युरो.

काही दिवसांनी एक पत्र येईल, रुंडफुंकबाइट्राग, रेडिओ-टीव्हीची फी, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावीच लागते, पण माणशी नाही, घरटी आहे. शेअरिंग फ्लॅटमधे एकाने भरायची आणि वाटून घ्यायची, बाकीच्यांनी भरणाऱ्याचा फीचा नंबर त्या ऑफिसला कळवायचा. हे पत्र म्हणजे फ्रॉड आहे असं समजून फाडू नका. एकंदरीत जर्मनीत आलेलं कुठलंही पत्र न वाचता बाजूला ठेवायचं नाही, मोबाईलने भाषांतर करा, शेवटची तारीख कॅलेंडरमधे टाका आणि मग फाइलला लावा.

अजून एक इन्शुरन्स जो कोणी सांगत नाही, हाफ्टफ्लिश्ट. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो, महिन्याला काही युरोच पडतो. होस्टेलची चावी हरवली तर कधीकधी अख्ख्या बिल्डिंगची कुलपं बदलायचा खर्च मागतात, बऱ्याच पॉलिसीत तो धरलेला असतो, घेताना विचारून घ्या.

घरात राहायची रीत

रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही. रविवारी दिवसभर नाही, त्या दिवशी ड्रिल, व्हॅक्युम काही नको, काचेच्या बाटल्या पण कंटेनरमधे टाकायच्या नाहीत. दुकानं रविवारी बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा, अगदी अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं.

कचरा वेगळा, साधारणपणे पिवळ्यात पॅकिंग, निळ्यात कागद, तपकिरीत ओला, काळ्यात बाकीचा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, त्या चेपू नका, सुपरमार्केटच्या मशीनमधे टाका, निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्या, बिलातून पैसे वजा होतात.

हिवाळ्यात खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या की भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिट जातं. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाचदहा मिनिटं, मग बंद. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० डिग्री, ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त बिल वाढतं. आणि आपली फोडणी! मिरची-लसणाचा ठसका खोलीत गेला की स्मोक अलार्म वाजतो, म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, झाकण हाताशी. शेवभाजीचा मसाला भाजायचा असेल तर फ्लॅटमधल्यांना आधी सांगा आणि एक वाटी त्यांना पण द्या.

खाणं

मेन्सा म्हणजे विद्यापीठाची कॅन्टीन, विद्यार्थ्यांना स्वस्तात जेवण, व्हेज रोज असतं. पण वरण-भाताशिवाय पोट भरत नाही हे मला माहितीये. टर्किश दुकानं शोधा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हरभरे, मसूर तिथे ताजं आणि स्वस्त. तूरडाळ इंडियन किंवा एशियन दुकानात. तूप घरी करा, बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी आणा, मंद आचेवर कढवा, झालं.

बट्टी ओव्हनमधे फार छान होते. गव्हाचं जाडसर पीठ नसेल तर आट्यात इथला जाडा रवा मिसळा, हार्टवाइत्सनग्रीस नावाने मिळतो, त्यात ओवा, जिरं, हळद, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळा. गोळे करून २०० डिग्रीवर अर्धा-पाऊण तास, मधे एकदा उलटायचे, वरून तडे गेले आणि तांबूस झाले की काढा, चार तुकडे करून तुपात परता. भरताचं वांगं हिरवं मिळत नाही, जांभळं घ्या, टोचून ग्रिलवर पूर्ण काळं होईपर्यंत ठेवा, शेंगदाणे आणि कांद्याची पात घाला. रविवारी दोघातिघांना बोलवा, एकट्याने खाऊ नका.

तब्येत, जॉब आणि घरचे फोन

साधं दुखणं असेल तर आधी जवळचा फॅमिली डॉक्टर, आजारी पडायच्या आधीच एक ठरवून ठेवा. रात्री-सुट्टीत डॉक्टर हवा तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. आपण मे महिन्याच्या उन्हात वाढलेली माणसं, हे अंगावर येतं, झोप येत राहते, कोणाशी बोलू नये वाटतं. दुपारी ऊन असेल तेव्हा बाहेर पडाच. आणि तरी जमत नसेल तर श्टुडिरेंडनवेर्ककडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी मोफत आणि इंग्रजीत पण, घरी काही कळवत नाहीत. परीक्षेच्या वेळी जायची वाट बघू नका. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न असतात, परीक्षेचं रजिस्ट्रेशन स्वतः पोर्टलवर करायचं असतं, हाजेरी कोणी घेत नाही, त्यामुळे मागे पडलेलं कोणाच्या लक्षातच येत नाही.

जॉब, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतो, विद्यापीठातला असिस्टंटचा जॉब यात मोजत नाहीत. कमीत कमी पगार २०२६ मधे तासाला १३.९० युरो. याच्या खाली आणि कागदाशिवाय कोणी काम देत असेल तर जाऊ नका, पैसे बुडाले तर मागायला जागा राहत नाही. पहिल्या सेमिस्टरला जॉबपेक्षा जर्मन शिका, लेक्चर इंग्रजीत असलं तरी घरमालक, डॉक्टर, पोस्टवाला सगळे जर्मनच बोलतात, आणि जर्मनची बी१ पातळी झाल्यावर मिळणारं काम गोदामातल्या कामापेक्षा बरं असतं.

घरी सांगून ठेवा की इथली वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. आई रोजच्या वेळेला फोन लावते आणि तुम्ही लेक्चरमधे असता, मग ती घाबरते. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, त्या दिवशी निवांत बोला, घरची अहिराणी बोला, आणि खर्चाचं खरं सांगा. भाडं भरायला पैसे कमी पडत असतील तर ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

ज्यांचं यंदाच्या ऑक्टोबरचं अॅडमिशन झालंय त्यांनी होस्टेलचा अर्ज आजच टाका, व्हिसाची अपॉइंटमेंट नंतर बघितली तरी चालेल असं नाही, पण दोन्ही एकाच संध्याकाळी होतं.